दाराजवळचं सॉकेट

थर्सो, मंगळवार दुपार

प्रिय माल्कम,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं, त्यातून काही अर्थ काढत बसू नकोस. नात झाल्याचं आपल्या जेमाने तुला फोनवर सांगितलंच आहे, तरी कागदावर लिहून ठेवते: मुलगी, नाव मॉर्व्हन, शनिवारी पहाटे सव्वापाच वाजता, वजन सव्वातीन किलो, डोक्यावर भरपूर काळं जावळ. जेमा ठीक आहे. टाके दुखतात, पण जेवते व्यवस्थित आणि नवऱ्याला बसू देत नाही. पोरीला नाक तुझं आलंय. त्याला इलाज नाही.

आता तुझ्या त्या पलंग-ओटावाल्या कॅम्पर गाडीबद्दल. हे पत्र मी तिच्यातच बसून लिहिते आहे, जेमाच्या अंगणात, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन. घरातली एकुलती एक जादा खोली जेमाच्या सासू-सासऱ्यांनी आधीच धरली आहे, म्हणून मी आणि इव्हॉन रात्री इथे. अंगणातल्या शेडमधून वीज ओढली आहे, तुझा तेलाचा हीटर पायाशी मंद चालू आहे आणि समुद्रावरच्या वाऱ्याने गाडी हलते आहे. इव्हॉन आत बाळाच्या झबल्यांना इस्त्री करतेय. इतक्या इतक्याशा झबल्यांना. मी सांगायला गेले, तर म्हणाली, “ब्रेंडा, मला हाताला काहीतरी काम लागतं.” मी इस्त्रीत पाणी भरून दिलं. आठ दिवसांपूर्वी दिलं नसतं.

मुळात मी या प्रवासात कशी अडकले हे तुला कितपत ठाऊक आहे, मला कल्पना नाही. तुमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्यात इव्हॉनने मला चारदा फोन केला असेल, आणि चारही वेळा जेमाच्या वाढदिवसाबद्दल. हा पाचवा. म्हणाली, माल्कमचा गुडघा दुखतोय, तो येत नाही, आणि मला ती गाडी चालवता येत नाही, माझं लायसन्स बिनगिअरच्या गाड्यांचं आहे. तू फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायचीस ना? चालवायचे. बावीस वर्षं, पाच टन पुस्तकं पाठीवर घेऊन, डरॅमच्या त्या बोळांमधून. म्हटलं, मग आपण रेल्वेने जाऊ. तर म्हणाली, “त्याने गाडी तयार करून ठेवली आहे. नेली नाही तर त्याला लागेल.” माल्कमला काय लागेल याचा विचार करत मी माझ्या आयुष्याची अठरा वर्षं घालवली आणि मग ते काम अधिकृतपणे सोडून दिलं. तरी शुक्रवारी सकाळी सात वाजता तुमच्या दारात बॅग घेऊन उभी राहिले. जेमासाठी.

आणि बघते तर तू शिडीवरून गाडीच्या टपावर चढलेला, झरोक्याचं झाकण तपासतोयस. कसला गुडघा आणि कसलं काय. शेजारी इव्हॉनचा भाऊ टेरी शिडी धरून, आणि पडवीत त्याच्या दोन मोठ्या बॅगा. दहा दिवस फुटबॉल बघायला आलाय म्हणे. मी मनात म्हटलं, ठीक आहे, म्हाताऱ्याला लेकीच्या बाळंतपणापेक्षा मॅच महत्त्वाची. रस्ताभर तेच म्हणत होते, मोठ्याने. इव्हॉन दर वीस मिनिटांनी पुदिन्याची गोळी तोंडात टाकायची आणि रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचून दाखवायची, जणू मला इंग्रजी येत नाही. तुझी बाजू घेऊन ती एक शब्द बोलली नाही. त्याचाही मला राग आला. बायकोने निदान थोडं तरी भांडावं.

पिटलॉख्रीच्या पुढे डोंगरातला रस्ता बर्फाने बंद झाला होता. फाटक लावून पोलीस उभे. “उद्या दुपारपर्यंत विसरा,” असं म्हणून त्यांनी आम्हाला मागे वळवलं. चार वाजले होते, उजेड संपत आला होता, आणि जेमाचा निरोप आला होता की कळा सुरू झाल्या आहेत. नदीकाठी एक कॅम्पिंगची जागा हिवाळ्यातही उघडी असते, तिथे गेलो. चालवणारी बाई इशबेल, साठीची, बुटकी, अंगात कुणा पुरुषाचा ओव्हरकोट. तिने विजेचा तो कमरेएवढा खांब दाखवला आणि म्हणाली, “दहा अँपिअर मिळतील. हीटर आणि केटल एकदम लावलीत तर खांबातली ट्रिप पडेल, वीज जाईल. आज रात्री पारा उणे नऊपर्यंत उतरणार आहे, तेव्हा चहा की ऊब, एका वेळी एकच काय ते ठरवा.” मला बाई आवडली.

मग तुझी फाइल काढली. ‘रात्रभर गाडी गरम ठेवण्याची पद्धत’, अकरा नियम, प्रत्येक पान प्लास्टिकमध्ये. इव्हॉन आत बसून वाचणार आणि मी बाहेर बर्फात करणार, अशी आमची वाटणी झाली. नियम एक, केबल आधी गाडीला जोडा, मग खांबाला. जोडली. नियम दोन, केबल रिळावर ठेवू नये, पूर्ण उलगडावी, गुंडाळलेली केबल तापते. बरोबर आहे, पंचवीस मीटर केबल मी गाडीखालून नागासारखी पसरली. काचांना आतून चंदेरी पडदे लावले. एक पडदा चालकाच्या काचेपेक्षा वीतभर लहान. तो तू नव्याने कापलेला, मापाच्या खुणा अजून दिसत होत्या. म्हटलं, यालाही आता चष्मा बदलायला हवा.

नियम चार म्हणतो, हीटर फक्त दाराजवळच्या सॉकेटमध्येच लावावा. ‘फक्त’खाली दोन रेघा. लावला. बटण दाबलं आणि खांबाकडून खट्. गाडीतले दिवे बॅटरीवरचे, ते चालू राहिले, पण हीटर गार. मी वीस पावलं चालत गेले, ट्रिप वर केली, परत आले, बटण दाबलं, खट्. केटलची पिन काढली, फ्रीज बंद केला, बॅटरीचा चार्जर बंद केला. खट्. पाच फेऱ्या झाल्या. माझे बूट ओले म्हणून सहाव्या फेरीला इव्हॉनच्या सपाता घालून गेले, त्यांच्यावर ससे आहेत. आत ही शांतपणे वाचतेय: “नियम सात, हीटर फक्त दाराजवळच्या सॉकेटमध्येच लावावा. नियम नऊ, हीटर फक्त दाराजवळच्या...” मी म्हटलं, एकच गोष्ट तीनदा लिहिणारा माणूस वेडा असतो. तिने फाइल मिटली आणि मांडीवर ठेवली.

निदान गॅसवर सूप गरम करावं म्हणून शेगडी लावली, तर ज्योत येईना. मागचं कपाट उघडलं, आत निळी टाकी. माल्कम, हिवाळ्यात निळी टाकी न्यायची नाही, तिच्यातला गॅस गोठणाऱ्या थंडीत वर येत नाही, लाल न्यायची, हे मला तूच शिकवलंस, आपल्या पहिल्या गाडीत, लेक डिस्ट्रिक्टमध्ये, तासभर व्याख्यान देऊन. चमचे शोधायला खण उघडला तर चमच्यांत तुमच्या घरच्या टीव्हीचा रिमोट. मी हसले. म्हटलं, आता टेरी फुटबॉल कशावर बघतोय कोण जाणे. इव्हॉन हसली नाही. तिने रिमोट पुसला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला.

नऊ वाजता तुला फोन लावला. हा फोन तुला आठवत असेल-नसेल, म्हणून जसा झाला तसा सांगते. आधी तू छान बोललास, कामावर बोलायचास त्या आवाजात. खांबाची ट्रिप पडते का गाडीतली? खांबाची. मग भार किती आहे, हीटर कितीवर आहे, सगळं नीट विचारलंस. इव्हॉन म्हणाली, थांब, ब्रेंडाकडे देते, तीच बाहेर जाऊन बघतेय. तर तू म्हणालास, “ब्रेंडा? ब्रेंडा तिथे काय करतेय? आज शुक्रवार, तिची वाचनालयाची फेरी असते.” मी नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले, माल्कम. फोन स्पीकरवर होता. पलीकडून टेरीचा आवाज आला, “चल रे, दुसरा हाफ सुरू झाला,” आणि फोन बंद झाला. मी इव्हॉनकडे पाहिलं. ती फाइलच्या प्लास्टिकवरचं पाणी बाहीने पुसत होती, पान एक, पान दोन, पान तीन.

दहाच्या सुमारास दारावर थाप. इशबेल. “मघापासून तुमची टॉर्च येरझाऱ्या घालताना दिसतेय. काय चाललंय?” मी सांगितलं. ती पंचवीस वर्षं तिथल्या धरणावरच्या वीजकेंद्रात तारा ओढत होती, हे तेव्हा कळलं. तिने खिशातून तीन दिव्यांचा एक छोटा तपासणीचा प्लग काढला, दाराजवळच्या सॉकेटमध्ये घालून पाहिला, मग ओट्यावरच्या सॉकेटमध्ये. हीटरची पिन दारापासची काढून ओट्यावर लावली, बटण दाबलं. खांब गप्प. हीटर टिकटिकायला लागला. “दाराजवळच्याला हात लावू नका, सकाळी उघडून बघते. हीटर सगळ्यात कमीवर ठेवा, पण रात्रभर चालू ठेवा. आणि हा झरोक्यात मोजा कोणी कोंबलाय? काढा तो. श्वासाचं पाणी छतावरून टपकायला लागेल.” मोजा इव्हॉनचा होता. मग तिने विचारलं, ही वायरिंग केली कोणी? इव्हॉन म्हणाली, माझ्या नवऱ्याने. माझ्या तोंडून निघून गेलं, माझ्याही. इशबेलने आलटून पालटून आमच्याकडे पाहिलं, म्हणाली, “बरं. झोपा मग,” आणि गेली.

मला स्वतःचीच चीड आली होती. त्या गाडीत दोन सॉकेट आहेत हे कुणालाही दिसतं. सहा फेऱ्या मारून पाय बधिर झाले, पण पिन दुसरीकडे लावून बघावी असं मला सुचलं नाही, कारण तू लिहून ठेवलं होतंस. घटस्फोटाला सव्वीस वर्षं झाली आणि मी अजून तुझ्या हस्ताक्षराचं ऐकते.

बाराच्या पुढे काचांचा गारवा कमी झाला, नाकाला ऊब जाणवायला लागली. एकच पलंग, दोघी टोप्या घालून आपापल्या झोपायच्या पिशव्यांत, मध्ये गरम पाण्याची रबरी पिशवी. ओट्यावर केटल लावताना हीटर बंद करायचा आणि पाणी उकळलं की परत चालू करायचा, हे काम मी घेतलं होतं. मी छताकडे बघत म्हटलं, गुडघ्याचं खोटं होतं ना? ती म्हणाली, “हो.” आणि टेरी? “टेरीला फुटबॉल आवडत नाही.” मग तिने सांगितलं. सगळंच इथे लिहीत नाही, तिच्याकडे आहे ते तिच्याकडे राहू दे. पण ऑगस्टमध्ये तू गाडीने ब्रेड आणायला गेलास आणि थेट दूरच्या नॉर्थअ‍ॅलर्टनला पोचलास, पोलिसांनी फोन केला, हे सांगितलं. गाडीची किल्ली तेव्हापासून तिच्या पर्समध्ये असते आणि तू तिला चोर म्हणतोस, हे सांगितलं. डॉक्टरांची वेळ तिने दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा तू तिच्या मागे फोन करून ‘आम्ही बरे आहोत, धन्यवाद’ म्हणून रद्द केलीस, हेही. आणि एका सकाळी ती चहा घेऊन आली, तर तू उठून उभा राहिलास आणि फार सभ्यपणे विचारलंस, “तुम्हाला फार वेळ थांबावं लागलं का?” ती म्हणाली, “तो इतका नीट बोलला, ब्रेंडा, की मी म्हटलं, नाही, आत्ताच आले.”

मी तिच्यावर ओरडले. माझी तीच पद्धत, तुला ठाऊक आहे. सहा महिने तू हे एकटीने करतेस? जेमाला सांगितलं नाहीस, मला नाही, कुणालाच नाही? ती म्हणाली, जेमाला या अवस्थेत कसं सांगणार, आणि तुला सांगायचं कुठल्या नात्याने? मग म्हणाली, “तू सांग त्याला. तो तुझं ऐकेल.” मी म्हटलं, इव्हॉन, तो माझं ऐकणारा असता तर तू त्याच्या घरात नसतीस. त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग बराच वेळ तो ठसका नुसता ठसका राहिला नाही. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले. तिच्या अंगाला तुझ्या दाढीच्या साबणाचा वास येतो, अजून तोच वापरतोस. हीटर रात्रभर चालला. आम्ही दोघी फार थोडा वेळ झोपलो, पण गारठलो नाही.

सकाळी साडेपाचला जावयाचा फोन आला. आम्ही दोन टोपीवाल्या म्हाताऱ्या त्या पलंगावर गुडघ्यावर बसून एकमेकींना धरून रडलो, माझं डोकं वरच्या कपाटावर आपटलं, अजून टेंगूळ आहे. तासाभराने जेमा फोनवर आली. दमलेली, खूश. म्हणाली, “बाबांनी आत्ता तिसऱ्यांदा विचारलं, मुलगा की मुलगी. रात्रभर टेरीमामाबरोबर पीत बसलेत वाटतं.” मी म्हटलं, असतील. तिच्याशी खोटं बोलायची माझी पहिली वेळ नाही, पण या वेळी मी फोन लगेच इव्हॉनकडे दिला.

आठ वाजता इशबेल बटाट्याचे गरम स्कोन आणि पेचकस घेऊन आली. खांबाची वीज बंद केली आणि दाराजवळचं सॉकेट उघडलं. निळी आणि हिरवी-पिवळी, दोन तारा अदलाबदल. न्यूट्रलच्या जागी अर्थिंग. “म्हणून ट्रिप पडत होती, आणि नशीब की पडत होती,” ती म्हणाली. मग सिंकखालच्या पेटीचं झाकण काढलं. गाडीची स्वतःची सुरक्षा-ट्रिप तू काढून टाकली होतीस आणि तार सरळ पुढे जोडली होतीस. “या दोनऐवजी तपकिरी, म्हणजे लाइव्ह तार चुकीच्या जागी गेली असती आणि खांब जुना असता, तर हीटर हलवायला हात लावणारी तिथेच राहिली असती.” ती हे रागाने म्हणाली नाही. तीस वर्षं शिकाऊ मुलांना वायरिंग शिकवणारा, हात ओला असताना बटणाला हात लावला म्हणून मला स्वयंपाकघराबाहेर काढणारा माणूस, हे मी तिला सांगत होते, तेवढ्यात तिने ते झाकण उलटं करून माझ्या हातात दिलं.

तू काय लिहिलं आहेस ते तुला माहीत आहे, किंवा त्या दिवशी तरी माहीत होतं. पेन्सिलने, झाकणाच्या आतल्या बाजूला: तपकिरी, लाइव्ह. निळी, न्यूट्रल. हिरवी-पिवळी, अर्थ. त्याखाली पुन्हा तेच. त्याखाली पुन्हा, अक्षर खाली घसरत गेलेलं. तारीख ऑक्टोबरची. आणि शेवटी, ठळक: ‘इव्हॉनला कळू द्यायचं नाही.’ मी ते पालथं घालायला गेले. तिने हात पुढे केला. वाचलं, म्हणाली, “हो, असंच लिहील तो,” झाकण इशबेलला परत दिलं आणि कप धुवायला वळली. इशबेलने तारा सरळ केल्या, शहरातून नवी ट्रिप मागवून बसवली, प्रत्येक सॉकेट दोनदा तपासलं. दुपारी रस्ता उघडला. थर्सोपर्यंत इव्हॉनने एकही पाटी वाचली नाही, तेव्हा मीच वाचायला लागले.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू रिसीव्हर इव्हॉनकडे देतोस, आणि दिला नाहीस तरी बोललेलं उरेलच असं नाही. लिहिलेलं परत वाचता येतं. हा कागद उद्या पोस्टात टाकला की शुक्रवारी तुझ्या हातात असेल, आणि आम्ही सोमवारी संध्याकाळी पोचू. म्हणजे रागावायला तुला तीन दिवस आहेत. माझ्यावर रागाव, टेरीवर ओरड, हे पत्र फाडू नकोस. पुढच्या गुरुवारी सकाळी दहा चाळीसला डॉक्टरांची वेळ आहे. तिसऱ्यांदा घेतलेली. गाडी मी चालवणार, तू पुढे बसणार, इव्हॉन मागे. तुला जे कळून चुकलं होतं ते तू तिच्यापासून लपवलंस, तिला जे कळत होतं ते ती तुझ्यापासून लपवतेय, आणि एका घरात दोन माणसं एकमेकांना जपत एकेकटी घाबरून बसली आहेत. हे मला बघवत नाही. मी तुला अठरा वर्षं ओळखत होते, आणि त्या अठरा वर्षांत तू कधी घाबरलास तर गॅरेजमध्ये जायचास आणि दार आतून लावून घ्यायचास. मी बाहेर उभी राहायचे, मग कंटाळून निघून जायचे. इव्हॉन जाणारी नाही, पण तिला कुणीतरी आत घ्यायला हवं. तर सोमवारी दार तूच उघड, टेरीला उघडू देऊ नकोस. तिला आधी म्हण, ‘गुरुवारी मी येतो.’ एवढंच. हा कागद हातात धरून म्हटलंस तरी चालेल. मग हवं तर बाहेर येऊन बघ, मी तुझ्या गाडीला कुठे कुठे खरचटवलंय ते.

‘तुझीच’ लिहायचा हक्क इव्हॉनचा आहे, तेव्हा नुसतीच,

ब्रेंडा